बॅडमिंटनच्या कोर्टावर पिकलबॉल: अडीच महिन्यांच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी आटोपली, आज पिकलबॉलला सुरुवात केली. छोट्या फळीसारख्या पॅडलने भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटवरून मारायचा हा खेळ. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीत बॅडमिंटनचं एक सिमेंटचं उघडं कोर्ट आहे. वाऱ्यामुळे फूल (शटल) हवं तिथे जात नाही, म्हणून तिथे कुणी फारसं खेळत नाही. आम्ही चौघं आहोत. मी (वय ५३, कॉलेजात चार वर्षं बॅडमिंटन, पण आता गुडघ्यांमुळे उड्या बंद), समोरच्या वहिनी (हातात रॅकेट कधीच धरलेली नाही), दुसऱ्या मजल्यावरचे काका (६७) आणि माझा धाकटा. तो पुण्याला शिकायला असतो, शनिवार-रविवारीच सापडतो.

आधी कोर्ट मोजलं. पिकलबॉलचं कोर्ट २० फूट बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सच्या कोर्टाएवढंच. हा योगायोग नाही. १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जुळवला गेला तो बॅडमिंटनच्या कोर्टावरच. नेटही आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होतं, पुढे ते ३६ इंचांवर आणलं. त्यामुळे कोर्ट असलेल्या सोसायटीचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. उरलेलं अर्धं सोपं आहे असं आज वाटतंय.

खरेदी: लाकडी पॅडलची जोडी आणि चार चेंडू असा संच, १,४५० रुपये. असे दोन संच लागले. दुसरा काकांनी घेतला.

१० नोव्हेंबर

पहिली चूक रेघांची झाली. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिसची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते. पिकलबॉलमध्ये नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला सगळे किचन म्हणतात. त्या पट्ट्यात पाय असताना टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. सहा इंचांनी काय फरक पडतो, असं मी काल म्हणाले होते. फरक पडतो. माझं पाऊल नऊ इंचांचं आहे. साडेसहाची रेघ धरून उभं राहायची सवय लागली, तर खऱ्या कोर्टावर निम्म्याहून जास्त पाऊल किचनमध्ये जाणार.

सात फुटांवर मास्किंग टेप लावली (१२० रुपये). पहाटेच्या दवाने ती साडेसातपर्यंत सुटली आणि जाताना कोर्टाच्या हिरव्या रंगाचे पोपडे घेऊन गेली. मग दिवाळीची उरलेली रांगोळी होती, तिचीच रेघ ओढली. दिसायला झकास, पण हे अजिबात करू नका. रांगोळीचे कण बुटाखाली बारीक छर्‍यांसारखे फिरतात. वहिनी पुढे धावल्या आणि दोन्ही पाय एकदम सरकले. नेट धरलं म्हणून वाचल्या. लगेच पाण्याने धुऊन काढलं. तूर्तास खडू. रोज सकाळी पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

१६ नोव्हेंबर

खांबांना आकडे पाच फुटांवरच आहेत, म्हणून बॅडमिंटनचं नेट सुतळीने तीन फुटांवर बांधलं. खेळायला लागलो.

सर्व्हचा हिशोब वहीत ठेवतेय. वीसपैकी सहा आत. बाहेर गेलेले बहुतेक मागच्या रेघेच्या पलीकडे. कारण माझ्या मनगटात आहे. फूल कितीही जोरात मारलं तरी पिसांमुळे ते मध्येच दम सोडतं आणि खाली पडतं. प्लॅस्टिकचा चेंडू तसा थांबत नाही. मनगटाचा झटका दिला की गेलाच. वहिनींच्या वीसपैकी अकरा आत पडले, कारण त्यांच्या हाताला कुठलीच सवय नाही.

सर्व्हचे नियम आम्ही असे पाठ केले: हात खालून वर, चेंडू कमरेच्या खाली, पॅडलचं डोकं मनगटाच्या खाली, चेंडू तिरक्या चौकोनात. किचनच्या रेघेवर पडला तर बाद, बाकीच्या रेघांवर पडला तर चालतो. नेटला घासून योग्य जागी पडला तर खेळ चालू राहतो.

आज आणखी एक खटकलं. संचातल्या चेंडूंना मोठी मोठी २६ भोकं आहेत. तो बंदिस्त हॉलसाठीचा चेंडू. आमच्याकडे सकाळचा वारा सुटला की तो हवेत वळतो. बाहेर खेळायचा चेंडू ४० बारीक भोकांचा आणि जरा कडक असतो. सहा मागवले, ९०० रुपये.

२४ नोव्हेंबर

गुण मोजताना रोज वाद होत होते, ते आज मिटले.

डबल्समध्ये सर्व्ह करणारा तीन आकडे मोठ्याने सांगतो: आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपण जोडीतले कितवे सर्व्ह करणारे ते. गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूला मिळतात. अकराला गेम, पण दोनची आघाडी हवी. इथपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. पण गेम सुरू होतो तो ‘शून्य-शून्य-दोन’ने. पहिलाच सर्व्ह करणारा ‘दोन’ कसा, हे काकांना पटेना. “अगं, एक झाल्याशिवाय दोन कसं येईल?” हे त्यांनी तीन दिवस विचारलं आणि मला धड सांगता येईना.

आज सर्व्ह करता करता आठवलं. २००६ च्या आधी बॅडमिंटनमध्येही सर्व्ह करणाऱ्यालाच गुण मिळायचे. डबल्समध्ये दोघांना एकेक हात, म्हणजे सर्व्हची पाळी, मिळायचा, आणि गेमच्या सुरुवातीला पहिल्या बाजूला एकच. ‘सेकंड हँड’ ही आरोळी मी कॉलेजच्या हॉलमध्ये हजारदा दिली असेल. हे तेच आहे. पहिल्या बाजूला आयता फायदा नको, म्हणून तिचा पहिला हात गेला असंच धरायचं. काकांना एवढंच सांगितलं, “काका, सुरुवातीला आपला एक हात आधीच गेलाय.” त्यांनी मान डोलावली आणि त्यानंतर एकदाही चुकले नाहीत. आता आम्ही ‘चार-सहा, दुसरा हात’ असंच म्हणतो. नव्या माणसाला शिकवायचं असेल तर हाच शब्द वापरा, दोन मिनिटांत समजतं.

दुसरी सवय मात्र सुटत नाहीये. सर्व्ह केला की माझे पाय आपोआप पुढे धावतात. इथे सर्व्हचा एक टप्पा आणि परतीच्या फटक्याचा एक टप्पा पडू द्यावाच लागतो. पुढे धावलं की परत आलेला चेंडू थेट पायाशी येतो. आज अशा चुकांवर सात हात गमावले. आता सर्व्ह झाला की वहिनी मागून “थांबा” म्हणतात.

१ डिसेंबर

खेळ बंद. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येतेय. काल चहाचं पातेलं उचलताना हातातून सुटलं.

फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. त्यांनी पॅडल हातात घेतलं आणि मला ते नेहमीसारखं धरून दाखवायला सांगितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती, मला त्याचा पत्ताच नव्हता. लाकडी पॅडल जड, मूठ माझ्या हाताला बारीक, आणि बारीक मूठ आवळून धरावी लागते. रोज दीड तास हेच चाललं होतं. नऊ दिवस विश्रांती, व्यायाम, तीन खेपा, १,२०० रुपये.

नवं पॅडल मागवलं: आत मधमाशीच्या पोळ्यासारखा हलका गाभा, वर फायबरग्लास, ३,४०० रुपये. मुठीवर गुंडाळायच्या दोन पट्ट्या, २४० रुपये. लाकडी पॅडल वाया गेलं. जे नव्याने सुरू करतील त्यांना माझं सांगणं: आठवडाभर कुणाचं तरी पॅडल मागून खेळा, पण लाकडी जोडीवर पैसे घालू नका. स्वस्त म्हणून घेतलं आणि तेच सगळ्यांत महाग पडलं.

बूटही बदलले (२,३०० रुपये). सकाळी फिरायचे बूट पुढे चालण्यासाठी असतात. तळ उंच आणि मऊ, त्यामुळे बाजूला झुकलं की घोटा वळतो. बॅडमिंटन-टेनिसचे सपाट तळाचे घेतले.

८ डिसेंबर, पुणे

धाकट्याकडे आलो होतो, काका-काकू आणि वहिनीही बरोबर होते. हात अजून दुखरा, म्हणून मी बाहेर बसले. काका, वहिनी, धाकटा आणि त्याचा मित्र असे भाड्याच्या कोर्टावर दोन तास खेळले. ताशी ६०० रुपये, माझ्या वाट्याला ३०० आले.

घरी रोज आत जाणारे फटके इथे एकामागून एक नेटमध्ये. वहिनी हिरमुसल्या. धाकटा म्हणाला, नवीन जागा आहे, होतं असं. मी बाकावर बसून बघत होते. चेंडू नेटच्या वरच्या पट्टीलाच लागत होता, दर वेळी चार-पाच इंच कमी पडत होता. नव्या जागेने माणूस गडबडला तर चुका इकडेतिकडे होतील, सगळ्या एकाच उंचीवर कशा होतील?

पर्समध्ये शिवणाची टेप होती. मध्ये मोजलं: ३४ इंच. खांबापाशी ३६. बरोबर.

९ डिसेंबर

नाशिकला पोचल्या पोचल्या आमचं नेट मोजलं. खांबापाशी ३६. मध्ये २९.

तीन आठवडे आम्ही पाच इंच खाली असलेल्या नेटवर सराव केला. सुतळी ताणून बसते आणि दवाने ढिली होते. पहिल्या दिवशी मी फक्त खांबापाशी मोजलं होतं आणि मधला भाग नुसत्या डोळ्यांनी ठीक मानला होता. वाईट वाटतं ते वहिनींच्या बाबतीत. त्यांच्या हाताला जी पहिलीच उंची बसली, ती मी चुकीची बसवली.

११ डिसेंबर

नेटची दुरुस्ती. हे सविस्तर लिहितेय, कारण बॅडमिंटनचं नेट खाली उतरवणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागेल.

सुतळी काढून नेटच्या वरच्या पट्टीतून बारीक पोलादी तार ओवली. खांबांवर ३६ इंचांवर क्लॅम्प बसवले. एका टोकाला टर्नबकल लावला, तो पिळला की तार ताणली जाते. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळून ३८० रुपये. पहिल्यांदा जास्त पिळलं तर एक खांब आतल्या बाजूला झुकायला लागला. खांब नुसते जमिनीतल्या नळीत उभे आहेत, आत मोकळी जागा आहे. नळीत लाकडाच्या पाचरी ठोकल्या, मग थांबला.

आता तार इतकी ताठ झाली की मध्येही ३६ भरायला लागले. मध्ये दोन इंच खाली ओढायला काहीतरी हवं. जमिनीत हूक ठोकला तर बॅडमिंटन खेळणारी मुलं अडखळून पडतील. सोसायटीच्या जिममधलं पाच किलोचं वजन नेटखाली ठेवलं, जुन्या दप्तराचा पट्टा तारेवरून घेऊन त्याला बांधला आणि बकल ३४ इंचांवर आणून खूण केली. खेळ संपला की वजन परत जिममध्ये.

एक भानगड उरली. बॅडमिंटनचं नेट अडीच फूटच रुंद असतं, म्हणून खाली फट राहते. सपाट मारलेला चेंडू त्या फटीतून निसटायचा आणि वरून गेला की खालून यावर वाद व्हायचा. जुन्या पडद्याची सहा इंच रुंद पट्टी नेटला खालून शिवली. एक दुपार गेली.

सगळं उभं राहिल्यावर वहिनींनी टेप हातात घेतली आणि स्वतः तीन ठिकाणी मोजलं. आता टेप त्यांच्याकडेच असते. रोज खेळायच्या आधी मोजतात.

१५ डिसेंबर

थंडी कडाक्याची. चार दिवसांत तीन चेंडू तडकले. आधी वाटलं फटका जोरात बसतोय, पण तडकलेले तिन्ही चेंडू रात्रभर स्कूटरच्या डिकीत होते. गारठलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आता चेंडू घरात ठेवतो आणि निघताना स्वेटरच्या खिशात घेतो. त्यानंतर एकच गेला.

तडा दिसायच्या आधी ऐकू येतो. चांगल्या चेंडूचा आवाज टणक असतो, टक्. केसाएवढी चीर दोन भोकांच्या मध्ये गेली की तोच आवाज फुटक्या मडक्यासारखा बसका होतो. आणखी तीन मागवले, ४५० रुपये.

२२ डिसेंबर

आठवडाभर फक्त डिंक. डिंक म्हणजे किचनच्या रेघेपाशी उभं राहून चेंडू हलकेच समोरच्याच्या किचनमध्ये टाकायचा, म्हणजे त्याला तो वरून ठोकता येत नाही. सगळ्या खेळात मला हेच सगळ्यांत अवघड गेलं.

पार्किंगच्या भिंतीवर ३४ इंचांवर खडूची रेघ मारली आणि सात फुटांवर उभी राहिले. सलग दहा घालवायचे ठरवले. पहिल्या दिवशी चारच्या पुढे गेले नाही. मनगट हलतंच. बॅडमिंटनमध्ये नेटपाशी बोटांनी आणि मनगटानेच खेळतात, तीस वर्षांपूर्वीची ती शिकवण हाताने जपून ठेवली होती. धाकट्याने व्हिडिओ काढून दाखवला: खांदा स्थिर, मनगटाची उडी, आणि चेंडू छातीएवढा वर.

उपाय काकांनी सांगितला. ते लहानपणी गोट्या खेळायचे, त्यांचा हात हलका आहे. म्हणाले, “मारू नकोस गं. खांद्यापासून हात पुढे ने आणि चेंडू पलीकडे नेऊन ठेव.” त्यांच्या पॅडलकडे मी जवळून बघितलं. चेंडू लागताना पॅडल जवळपास थांबलेलंच असतं. मूठ इतकी सैल, की चेंडू लागल्यावर पॅडल किंचित मागे जातं. गुडघे वाकतात, मनगट नाही.

मनगटाला क्रेप बँडेज बांधून दोन दिवस खेळले, म्हणजे हललं की जाणवतं. गुरुवारी सलग दहा झाले. आज चौतीस. कोपरही दुखत नाही. सैल मुठीने दोन्ही दुखणी एकदम गेली.

५ जानेवारी २०२५

किचनचा नियम आम्ही अर्धवट पाळत होतो. किचनमध्ये उभं राहायला मनाई नाही, तिथे टप्पा पडलेला चेंडू खुशाल मारावा. मनाई आहे ती हवेतला चेंडू मारण्याला. आणि रेघेबाहेरून मारला, पण तोल जाऊन पाय आत पडला, तरी फाउल. चेंडू तोवर मेला, म्हणजे ती फेरी संपली असली, तरी फाउलच. हे आज नीट वाचलं. आजवरचे माझे निदान निम्मे जोरदार फटके यात बसतात.

काका पडले. डोक्यावरून गेलेला चेंडू घ्यायला तोंड पुढे ठेवूनच मागे मागे धावले, टाच अडकली आणि हातावर आले. हाड वाचलं, मनगट सुजलं, दोन आठवडे बाहेर. आमच्या कोर्टामागे तीन फुटांवर भिंत आहे, डोकंही आपटलं असतं. आता पक्का नियम: डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे वळून धावायचं, उलटं कधीच नाही. भिंतीच्या बाजूचा लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) सोडून द्यायचा. गुण गेला तर गेला.

१४ जानेवारी, संक्रांत

आठवड्यापूर्वी तळमजल्यावरच्या आजींची तक्रार कमिटीकडे गेली होती. सकाळी सहाला टक्-टक् सुरू होते, झोप मोडते. आम्हाला राग आला होता. मग मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि धाकट्याला फोन करून कोर्टावर खेळायला सांगितलं. खिडकी बंद असूनही प्रत्येक फटका वेगळा ऐकू येत होता. बॅडमिंटनचा असा आवाज येत नाही. आजींचं बरोबर होतं.

आज तिळगूळ घेऊन गेलो आणि वेळ ठरवली: साडेसातच्या आधी नाही, दुपारी एक ते चार नाही. मोबदल्यात कमिटीने किचनची रेघ रंगवायला परवानगी दिली. पिवळी, दोन इंच रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांशी गल्लत नको. रंग आणि ब्रश ३१० रुपये. खेळ सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावर विचारून घ्यायला हवं होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर चौघं खेळलो. काका परत आलेत.

माझा आजवरचा खर्च: लाकडी संच १,४५०, चेंडू १,३५०, पॅडल ३,४००, मुठीच्या पट्ट्या २४०, बूट २,३००, फिजिओ १,२००, नेटचं सामान ३८०, टेप १२०, रंग ३१०, पुण्याचं कोर्ट ३००. एकूण ११,०५० रुपये. यातले २,७७० (लाकडी संच, टेप, फिजिओ) टाळता आले असते. वेळ तीन आठवडे चुकीच्या नेटवर गेला, नऊ दिवस कोपरात.

सर्व्ह: वीसपैकी अठरा. कमरेएवढ्या उंचीवरून चेंडू नुसता सोडायचा, टप्पा पडला की खालून हात लांब नेत मारायचा. या पद्धतीने माझं मनगट गप्प राहतं. वहिनींचे वीसपैकी वीस.

अडलंय ते तिसऱ्या फटक्यावर. सर्व्ह झाला, समोरच्यांनी परत केला आणि ते दोघं किचनच्या रेघेवर येऊन उभे. आपण अजून मागच्या रेघेवर. तिथून चेंडू बावीस फुटांवरच्या नेटपलीकडे नेऊन त्यांच्या किचनमध्ये हळूच पाडायचा. आज वीसपैकी पाच पडले. बारा उंच गेले आणि ठोकले गेले, तीन नेटमध्ये. मागच्या रेघेवरून एकदम करण्यापेक्षा किचनच्या रेघेपासून सुरुवात करून दर वीस चेंडूंनंतर एक पाऊल मागे जायचं ठरवलंय. वहिनी समोरून चेंडू टाकतील. नेम धरायला एक पोतं अंथरायचं, त्याची जागा पिवळ्या रेघेच्या आत, नेटपासून चार फुटांवर. उद्या साडेसातला.